दहावी झाली, आयटीआयचा फॉर्म भरला का?

सभासद आणि बोटमालकांनो, आयटीआयचं नाव काढलं की आपल्याकडे म्हणतात, "ते नापासांचं." मला हे अजिबात पटत नाही. दहावीनंतर फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा फ्रिज-एसी असा दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो. डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगलाही तसंच. डिझेल मेकॅनिक एकाच वर्षाचा. इंजिनच्या कामाला उत्तम, पण पुढे शिकायचं असेल तर फॉर्म भरण्याआधी नीट विचारून घ्या.

पोराला समुद्रच हवा असेल तर कोचीला केंद्र सरकारची सिफनेट आहे. तिथे दहावीवर व्हेसल नेव्हिगेटर आणि मरीन फिटर, दोन्ही दोन वर्षांचे.

भर हंगामात इंजिन बंद पडलं की आपण मेकॅनिकची वाट बघत जेटीवर बसतो, भरलेला बर्फ पाणी होतो. आणि घरचा पोरगा शिकायला जातो म्हणाला की "बोटीवर माणूस कमी पडेल"! पोरींना तर कोणी विचारतच नाही, इलेक्ट्रिशियनला त्यांनाही जागा असते.

३१ जुलैपर्यंत बंदीच आहे, बोटी किनाऱ्यावर. दहावीची मार्कशीट घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या, फॉर्म बसून भरू.