घरच्या कारखान्यास वीज किती घ्यावी?

आंबा, काजू व कोकम हीं आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचीं नगदी पिकें. तीं कच्चीं विकून दर दलालाच्या हातीं सोंपविण्यापेक्षां घरींच त्यांवर कांहीं प्रक्रिया करावी, हा विचार आतां बागायतदारांच्या मनांत चांगलाच रुजला आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं केंद्र सरकारनें २०२० सालीं योजना काढून खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, अनुदान देऊं केलें, तेव्हांपासून तर मागल्या पडवीला लागून पत्र्याची शेड घालावी व तींत दोन-तीन यंत्रें मांडावीं, अशी हौस वाडीवाडींतून दिसूं लागली. ही हौस स्तुत्य आहे, आणि तिला नाउमेद करण्याचा या लेखाचा हेतु नाहीं.

परंतु या उत्साहांत एक क्रम उलटा होत आहे. आपण यंत्र आधीं पसंत करितों, मग तें ठेवावयास शेड बांधितों, आणि सर्वांच्या शेवटीं वायरमनला बोलावून "एवढें जोडून द्या" म्हणून सांगतों. माझें मत याच्या नेमकें विरुद्ध आहे. प्रथम वीज मोजावी, नंतर तार ठरवावी, आणि यंत्र शेवटीं घ्यावें. हा क्रम चुकला म्हणजे नुकसान केवळ यंत्राचें होत नाहीं. हंगामाचें होतें, आणि आपला हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा.

ही चूक मीं स्वतः केली आहे, म्हणून सांगण्याचा अधिकार वाटतो. कांहीं वर्षांपूर्वीं आंब्याचा गर काढण्यासाठीं दोन अश्वशक्तीचा एक-फेज पल्पर घेतला, आणि घरच्या मीटरपासून शेडपर्यंत पूर्वींच ओढलेल्या बारीक तारेवर तो जोडून दिला. मार्चांत फिरवून पाहिला तेव्हां तो उत्तम चालला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत, दिवेलागणीच्या वेळीं, भरलेला पल्पर एकदां थांबवून पुन्हां सुरू केला, तों मोटार नुसती घुमूं लागली, फिरेना. आणि मीं बटण बंद करीपर्यंत जळक्या व्हार्निशाचा वास शेडभर पसरला. मोटार नवीन गुंडाळून यावयास पांच दिवस लागले. आढींतले आंबे कांहीं पांच दिवस थांबत नाहींत. दोष विकणाराचा नव्हता, वीज पुरविणाराचाही नव्हता, माझा होता.

असें कां घडतें हें समजून घेणें अवघड नाहीं. मोटारीचा जोर दाबाच्या, म्हणजे व्होल्टच्या, वर्गाच्या प्रमाणांत कमी होतो. २३० व्होल्टच्या ठिकाणीं १८४ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब पांचवा हिस्साच उतरला. पण जोर मात्र शंभरांतला चौसष्टच उरतो. भरलेलें यंत्र तेवढ्यानें उचलत नाहीं. फिरतां न येणारी मोटार वीज अधिकच ओढते व आपल्याच उष्णतेनें जळते. आपल्या चिपळूण तालुक्यांत पोफळी येथें १९६२ पासून कोयनेची वीज निर्माण होत आहे, आणि त्या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पण आपल्या मोटारीला कोयनेशीं कर्तव्य नसतें. वाडीच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळीं सात वाजतां किती व्होल्ट उरले, तेवढ्याशींच तिचें काम. म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, यंत्राची चौकशी करण्यापूर्वीं एप्रिल-मे महिन्यांत एक आठवडाभर रोज संध्याकाळीं व्होल्ट मोजून वहींत टिपून ठेवावे. ही वही यंत्रांच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षां अधिक उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट तारेची. दोन अश्वशक्तीची एक-फेज मोटार चालतांना सुमारे १२ अँपिअर घेते, पण सुरू होतांना क्षणभर त्याच्या पांचपट, म्हणजे ६० अँपिअरच्या आसपास. मीटरपासून शेड ५० मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार १०० मीटर होते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेंत एवढ्या लांबीस चालतां दाब सुमारे ८ व्होल्टांनीं उतरतो, तें सोसतें. पण सुरू होतांना तो सुमारे ४२ व्होल्टांनीं उतरतो, आणि खांबावरच २१० असले तर मोटारीच्या तोंडीं १७० सुद्धां येत नाहींत. माझ्या पल्परचें नेमकें हेंच झालें. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची असती, तर हा उतार १८ व्होल्टांच्या आंतच राहिला असता.

याहून चांगला उपाय तीन फेजचा. तेवढ्याच शक्तीची तीन-फेज मोटार प्रत्येक तारेंत तीन-साडेतीन अँपिअरच घेते, सुरू होतांना दिव्यांना कमी झटका देते, आणि तिला कंडेन्सर नसल्यामुळें बिघडावयासही कमी असतें. एक अश्वशक्तीच्या पुढें मोटार घ्यावयाची असेल, तर तीन फेज मिळण्याजोगे आहेत कीं नाहींत याची चौकशी आधीं करावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां मुख्य प्रश्न: भार किती मागावा? येथें दोन प्रकारचे लोक आढळतात. एक, कांहींच न मोजतां कमींत कमी मागणारे. दुसरे, सर्व यंत्रांवरचे आंकडे मिळवून तेवढा भार मागणारे. दोघेही चुकतात. समजा, पल्परला २ किलोवॅट, विजेच्या वाळवणी-कपाटास ३, विहिरीच्या पंपास १, शीतकपाटास अर्धा, आणि दिवे, पंखे व पिशव्या बंद करण्याचें यंत्र मिळून अर्धा. बेरीज ७ किलोवॅट झाली. पण हीं सर्व एकाच वेळीं कधीं चालतात? आंबा कापण्याच्या वेळीं पल्पर, पंप, शीतकपाट व दिवे मिळून ४ होतात. रात्रीं आंबापोळीचें वा काजूगराचें कपाट लाविलें, तर पल्पर व पंप बंदच असतात. पुन्हां ४ च. म्हणजे ५ किलोवॅट मागितले तरी पुरून उरतात. आंकडे मिळविण्यापेक्षां दिवसाचें कामच तासवार कागदावर मांडावें. भार आपोआप समजतो.

या हिशेबांतून एक शहाणपण निघतें. मंजूर भार पुढें अर्ज करून वाढवितां येतो. पण जमिनींत पुरलेली तार वाढवितां येत नाहीं. म्हणून भार आजच्या गरजेपुरता मागावा, आणि तार, पाइप व मुख्य पेटी मात्र दुप्पट कामाला पुरेल अशी घालावी. आपण बहुधा उलट करितों: तारेंत चार पैसे वांचवितों आणि यंत्र मोठें आणितों. तसेंच, गति विजेपासून घ्यावी, पण उष्णता शक्य तों उन्हापासून वा सरपणापासून घ्यावी. वाळवणी-कपाट सौर केलें, तर वरील हिशेबांतले ३ किलोवॅट निघूनच जातात. पावसांत मात्र विजेचा आधार ठेवावा, हें मान्य.

शेडपर्यंतची तार शक्य असेल तेथें जमिनींतूनच न्यावी. जून २०२० चें निसर्ग व मे २०२१ चें तौक्ते हीं दोन वादळें आपण पाहिलीं आहेत. मोठें वादळ नसलें तरी माडाचें एक झाप वरून गेलेली तार तोडावयास पुरतें.

अर्थिंगविषयीं आपल्या भागांत फार बेपर्वाई आहे. आपला जांभा उन्हाळ्यांत कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरड्या जांभ्यांतून वीज जमिनींत सहजासहजीं उतरत नाहीं. समजा, अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. मोटारीच्या अंगांत वीज उतरली तर जमिनींत केवळ साडेचार अँपिअर जातील. २० अँपिअरचा फ्यूज त्यानें उडणार नाहीं, आणि ओल्या हातांनीं यंत्र धुणारी घरची बाई त्या अंगास हात लावील. येथें प्रश्न पैशाचा राहत नाहीं. म्हणून अर्थिंगचा पाइप विहिरीजवळ वा पन्हळीच्या ओल्या मातींत सुमारे अडीच मीटर खोल घालावा, सडा असेल तर तार तेथवर न्यावी, उन्हाळ्यांत त्यांत पाणी घालावें, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारें आर. सी. सी. बी. न विसरतां बसवावें. तें बसविल्यावांचून शेडीची वायरिंग पुरी झाली असें समजूं नये.

कायद्याचीही एक बाजू आहे. घरच्यापुरतें दळणारी घरघंटी वेगळी. पण घरगुती मीटरवर धंद्याचें यंत्र चालविणें हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर ठरूं शकतो, आणि मग आकारणी दुप्पट दरानें होते. शेडीस वेगळी जोडणी घ्यावी, परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घ्यावें, आणि हा सर्व खर्च कर्जाच्या अर्जांत यंत्रांच्या बरोबरीनें मांडावा. पुष्कळांच्या अर्जांत यंत्रांची किंमत पैपर्यंत असते, आणि विजेचें नांवही नसतें.

कोणी म्हणतील, एवढा हिशेब प्रत्येक बागायतदारानें कोठें करावा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या संघापाशीं आहे. संघानें एक चांगला व्होल्ट मोजण्याचा व एक अर्थिंग मोजण्याचा संच घ्यावा, तो सभासदांस आठवडाभर वापरावयास द्यावा, आणि जाणत्या वायरिंग ठेकेदाराकडून वर्षांतून एकदां, माघ-फाल्गुनांत, गांवोगांवच्या शेडी तपासून घ्याव्यात. एकाच डी. पी. वर पांच-सहा शेडी असतील, तर त्यांनीं एकत्र अर्ज करावा व पल्पर चालविण्याच्या वेळा आपसांत वांटून घ्याव्यात. विहिरीचें पाणी आपण पाळीनें घेतों. मग विजेची पाळी लावण्यांत कमीपणा कसला?

यंदाचा मोहोर दिसूं लागला कीं यंत्रें विकणारे दारीं येतील. त्यांस यंत्राचा दर विचारण्यापूर्वीं आपल्या खांबावरचे व्होल्ट आपणांस ठाऊक असावेत, एवढीच या लेखाची विनंती आहे.