मांजराचा केस आणि मांजराचे नख

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखान्यात बरीच गर्दी होती. सातवीत शिकणारा एक मुलगा सलाईनच्या बाटल्यांचे रिकामे खोके घेऊन आत आला आणि त्याने ते सरळ माझ्या टेबलावर ठेवले. खोक्यात मांजराची तीन पिल्ले होती. डोळे उघडलेले, पाय लटपटणारे. तीन आठवड्यांची असावीत. टेकडीच्या पायथ्याशी, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तोंड बांधलेले पोते हलताना दिसले म्हणून त्याने ते सोडून पाहिले होते. "डॉक्टरसाहेब, हे जगतील का जी?" एवढेच त्याने विचारले.

बाकावर बसलेल्या एका आजीबाईंनी लगेच पदर नाकाला लावला. "बाहेर ठेव ना रे ते. केस पोटात गेला त दमा होते," त्या म्हणाल्या. दोघांनी माना डोलावल्या. मुलाच्या मनगटावर नखाचे तीन ओरखडे होते आणि एकातून रक्त येऊन वाळले होते. तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते, त्याचे स्वतःचेही नाही.

मांजराच्या केसाला आपण फार भितो आणि नखाला मुळीच भीत नाही. हे उलटे व्हायला हवे असे माझे मत आहे, म्हणून आजचा लेख.

आधी पोत्याविषयी. मांजर मारणे महापाप, त्यासाठी सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे मांजर कोणी मारत नाही. पिल्ले पोत्यात घालतात आणि गावाबाहेर "सोडून येतात". आईवेगळ्या पिल्लाचे पुढे काय होणार हे सोडणाऱ्याला पक्के ठाऊक असते. काशीचा खर्च तेवढा वाचतो.

पण उलट प्रकारही घडतो. कोठ्यात, कुटाराच्या ढिगात किंवा माळ्यावर पिल्ले दिसली की दयाळू माणसे ती उचलून घरी आणतात. पुष्कळदा ती पोरकी नसतातच. आई उंदराच्या मागे गेलेली असते. पिल्ले गरम असतील, पोट भरलेले असेल, ओरडत नसतील, तर दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, ही समजूत खरी नाही. जुन्नरकडे उसाच्या फडात बिबट्याचे बछडे आणि वाघाटीची पिल्ले सापडतात. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील मंडळी वन खात्याबरोबर ती रात्री त्याच जागी नेऊन ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. माणसांनी हाताळलेली पिल्लेसुद्धा!

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. गिरड-खुर्सापारच्या जंगलालगत ज्यांची शेते आहेत त्यांना रानमांजराची पिल्ले सापडतात. ती पाळता येत नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. अशा वेळी हात न लावता वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वर्ध्याजवळ पिपरी मेघे येथे करुणाश्रम आहे, तेथेही जखमी व पोरक्या प्राण्यांची काळजी घेतली जाते.

आमची तीन मात्र पोत्यातली होती. आई येण्याचा प्रश्न नव्हता. रात्र पडत आली होती. मी ती घरी नेली.

येथे एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात असेच एक पिल्लू आमच्या पत्नीने व्हरांड्यातून आत घेतले होते. मी एम.बी.बी.एस. डॉक्टर, हजारो तान्ही बाळे तपासलेला. बाळाला पाजतात तसे त्याला उताणे धरून ड्रॉपरने गायीचे दूध पाजले. पिल्लू गारठलेले होते, ते आधी गरम करावे हे सुचले नाही. तिसऱ्या दिवशी हगवण लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. त्या जिवाचे वजन मुठीत मावेल एवढे होते. पत्नी त्या दिवशी माझ्याशी फारसे बोलली नाही. नंतर एका पशुवैद्यक मित्राने मला माझ्या चुका एकेक करून दाखवल्या. त्या सगळ्यांच्या उपयोगी पडतील.

गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, म्हणून ऊब पहिली. गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे नको वाटले तर पिल्लू सरकू शकते. गायीच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या निम्म्याहून कमी प्रथिने असतात. त्याने पोट भरल्यासारखे दिसते, वाढ होत नाही आणि हगवण लागते. पिल्लांसाठी वेगळी दूधपावडर मिळते, ती नागपूरहून मागवता येते. ती येईपर्यंत काय चालेल हे पशुवैद्यकाला विचारावे, शेजाऱ्याला नव्हे. पाजताना पिल्लू पालथेच हवे, जसे ते आईला पिते. उताणे पाजले की दूध फुप्फुसात जाते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने मागची जागा हलकेच पुसायची. आई हे काम जिभेने करते; लहान पिल्लाला त्याशिवाय लघवी-शी होत नाही. वजन रोज करावे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढ म्हणजे ठीक चालले आहे. वाढ थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

चार आठवड्यांनंतर मऊ खाणे सुरू होते, आणि येथे माळकरी घरांनी आधीच विचार करावा. मांजर हा मांसाहारी जीव आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ मध्ये, आणि हृदय कमजोर होते हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. दूधपोळीवर वाढलेले मांजर जगते ते चोरून खाल्लेल्या उंदरांवर. मात्र कच्ची कोंबडी घालू नये. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. घरचे मांजर त्याच कुळातले आहे. शिजवून द्यावे.

आणि कृपा करून ताप आलेल्या मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. आपल्याला निरुपद्रवी असलेली ही गोळी मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. अर्धी गोळीही प्राण घेऊ शकते. फरशी पुसायचे फिनाईलही त्याला विषच आहे. पाय ओले होतात आणि ते पाय चाटते.

आता केसाकडे वळू. केस पोटात जाऊन दमा होत नाही. काही लोकांना मांजराची ॲलर्जी असते हे खरे. तिचे कारण मांजराच्या लाळेतले आणि कातडीतले एक प्रथिन. अशा माणसाला मांजराजवळ गेले की शिंका येतात, डोळे खाजतात, दमेकऱ्याची धाप वाढते. त्याने पिल्ले सांभाळू नयेत. बाकीच्यांनी नाकाला पदर लावण्याचे कारण नाही. गजकर्णाचेही तसेच. मांजराकडून येणारे गजकर्ण असते, पण माझ्याकडे येणारे बहुतेक गजकर्ण घरातल्याच माणसाच्या टॉवेलवरून आलेले असते आणि मेडिकलमधून विचारून घेतलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने फोफावलेले असते.

सर्वांत जास्त भीती गरोदरपणाची. दोन वर्षांपूर्वी जवळच्या गावातली एक सून, तिसरा महिना, सासूबाईंबरोबर आली होती. शहरात कोणीतरी रक्ताची 'टॉर्च' तपासणी करवली होती आणि कागदावर टॉक्सोप्लाझ्मापुढे लाल अक्षरांत 'पॉझिटिव्ह' लिहिले होते. घरात मांजर होते. ते त्याच दिवशी पोत्यात गेले. आता पिशवी साफ करायची का, एवढे विचारायला त्या आल्या होत्या. सून रडून रडून थकलेली. मी कागद नीट पाहिला. पॉझिटिव्ह होते ते आयजीजी, म्हणजे कधीतरी पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण. ताज्या संसर्गाकडे बोट दाखवणारे आयजीएम निगेटिव्ह होते. गरोदरपणाच्या पुष्कळ आधी होऊन गेलेला संसर्ग पोटातल्या बाळाला सहसा बाधत नाही. उलट आईच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार असते. स्त्रीरोगतज्ज्ञांनीही तेच सांगितले. ते बाळ आता चालते.

टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून पसरतो हे खरे आहे. पण मांजर हे जंतू साधारणपणे आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे बाहेर टाकते, आणि बाहेर पडल्यावर ते संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मातीचे घमेले रोज साफ करावे, आणि गरोदर बाईने ते करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. दुसरे कोणी नसेल तर हातमोजे घालावेत आणि साबणाने हात धुवावेत. अर्धवट शिजलेले मटण, न धुतलेला पालेभाजीचा पाला आणि परसातली माती यांतूनही हा संसर्ग होतो. त्यांना मात्र कोणी पोत्यात घालत नाही. बाळाच्या सहाव्या दिवशी आपण जिची पूजा करतो त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे, हे मी त्या सासूबाईंना सांगितले होते. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे.

आता नख आणि दात. रेबीज म्हटले की आपल्याला कुत्रा आठवतो. मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्याकडून माणसाला होतो. एकदा लक्षणे दिसली की त्यावर उपचार नाही. कुत्रा चावला तर माणसे धावत येतात. मांजराने ओरबाडले तर हळद नाहीतर चुना लावून कामाला जातात. फार तर "एक टी.टी. मारून द्या" म्हणतात. १९९६ साली मी येथे दवाखाना उघडला तेव्हा मीही टी.टी. देऊन पाठवत असे. धनुर्वाताचे इंजेक्शन रेबीज थांबवत नाही हे मला ठाऊक होते, पण "मांजरच तर आहे" हे माझ्याही डोक्यात बसले होते. त्या लोकांना काही झाले नाही, हे त्यांचे नशीब आणि माझेही.

त्या संध्याकाळी मी मुलाला नळाखाली उभे केले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने मनगट धुवायला लावले. मुकाट्याने धुतले पोराने. वडिलांना बोलावले तर ते म्हणाले, "पोटात १४ सुया देतात ना जी?" ती जुनी लस होती, तिचे उत्पादन आपल्या देशात २००४च्या अखेरीस बंद झाले. आता लस दंडात देतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८व्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. रक्त आलेले असेल तर जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते, त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागते. ते त्याला दुसऱ्या दिवशी मिळाले.

वडिलांचा आणखी एक प्रश्न रास्त होता. एवढ्याशा पिल्लाला कुठला रेबीज? शक्यता कमीच. पण आई कोण, तिला काय झाले होते, हे पोत्यावर लिहिलेले नसते. चावलेले कुत्रे किंवा मांजर दहा दिवस ठणठणीत राहिले तर पुढच्या सुया थांबवता येतात, म्हणून लस सुरू करायची आणि प्राण्यावर लक्ष ठेवायचे, असा नियम आहे. आमच्या तिघांपैकी सर्वांत बारके पिल्लू पाचव्या दिवशी गेले. ते कशाने गेले हे सांगता येत नाही, आणि मुलाला ओरबाडले ते कोणत्या पिल्लाने हेही नाही. त्यामुळे त्याचा पूर्ण कोर्स ठरला. ज्यांच्या घरी अशी पिल्ले वारंवार येतात त्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी, तशी सोय आहे.

ओरखड्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काखेत गाठ आली तर तेही डॉक्टरांना सांगावे. पिसवा असलेल्या पिल्लांच्या नखांतून येणारा एक जिवाणू अशी गाठ आणतो. आपल्याकडे गाठ म्हटली की पहिला संशय क्षयाचा, आणि तो घ्यायलाच हवा. पण घरात मांजराचे पिल्लू आहे हे रुग्णाने सांगितले नाही तर डॉक्टरला ते सुचत नाही.

उरलेली दोन पिल्ले आता अर्धा किलोच्या पुढे गेली आहेत. जंताचे औषध झाले, पहिली लस आठव्या आठवड्यात आणि रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. पत्नीने एकाला नाव ठेवले आहे, म्हणजे तो आता कोठे जात नाही. दुसरी मादी आहे. एका किराणा दुकानदाराला उंदरांसाठी ती हवी आहे. पाच-सहा महिन्यांची होताच तिचे ऑपरेशन करून आणीन, असे त्याने कबूल केल्यावरच द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. नाहीतर वर्षभरात टेकडीखाली पुन्हा पोते दिसेल. दुकानदार अजून विचार करतो आहे. मुलगा रोज शाळा सुटल्यावर येतो, पिल्लांना हाताळण्याआधी आणि नंतर हात धुतो. त्याची २८व्या दिवसाची सुई येत्या मंगळवारी आहे. कार्ड त्याने माझ्याकडेच ठेवायला दिले आहे, घरी हरवेल म्हणून.