मुडदुशीला मुडदुशीच म्हणा

पनवेलच्या मासळीबाजारात कोळीण ज्या मुडदुशीच्या नावाने गिऱ्हाइकाला हाक घालते, ती मुडदुशी वातानुकूलित दुकानातल्या गोठवलेल्या पुडीवर येईपर्यंत 'लेडी फिश' झालेली असते. मांदेलीची 'गोल्डन अँचोव्ही' होते. आणि बोंबलाला तर साहेबाने फार पूर्वीच 'बॉम्बे डक' करून ठेवले आहे. या नामांतराचा कैवार घेणाऱ्यांची कैफियत अशी, की मुडदुशी म्हणताच मुडदा आठवतो, बोंबील म्हणताच बोंब ऐकू येते, वजडी हा शब्द तर पाहुण्यांसमोर उच्चारवत नाही. नवी पिढी या नावांना हसते, आणि हसणारे गिऱ्हाईक काही विकत घेत नाही. तेव्हा दुकानदाराने आपल्या जिनसेला सभ्य नाव दिले तर त्यात कोणाचे काय बिघडले?

या पक्षाचा सर्वांत बळकट दाखला किवी फळाचा आहे. न्यूझीलंडच्या व्यापाऱ्यांनी १९५९ साली 'चायनीज गूजबेरी' हे नाव टाकून 'किवीफ्रूट' हे नाव घेतले आणि ते फळ जगभर खपले. हा दाखला मी नाकारीत नाही. परंतु ते फळ मुळात गूजबेरी नव्हतेच, म्हणजे तेथे एका खोट्या नावाचा त्याग झाला. याच्या नेमके उलट उदाहरण 'पॅटागोनियन टूथफिश' या माशाचे. दातांचा उल्लेख गिऱ्हाइकाला रुचणार नाही म्हणून ली लँट्झ या अमेरिकन व्यापाऱ्याने १९७७ साली त्याला 'चिलियन सी बास' असे गोंडस नाव दिले. वास्तविक तो बास जातीचा नव्हे, आणि सगळा काही चिलीच्या समुद्रातूनही येत नाही. नाव रुचले, मागणी वाढली, आणि १९९० नंतरच्या दशकात दक्षिणेकडील समुद्रांत त्याची बेकायदा लूट सुरू झाली. ताटात काय वाढले आहे, याचा खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना पत्ताही नव्हता.

आमच्या 'लेडी फिश'ची गत याहून बरी नाही. मुडदुशी म्हणताच कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे खाडीमुखाशी आणि रेताड किनाऱ्यालगत सापडणारा तो निमुळता, पांढऱ्या मांसाचा, अंगच्या गोडीचा मासा निःसंदिग्धपणे उभा राहतो. उलट त्याच इंग्रजी नावाने अमेरिकेत एक निराळाच, काट्यांनी भरलेला मासा ओळखला जातो. सभ्यतेच्या नावाखाली आपण नेमका शब्द देऊन संदिग्ध शब्द पत्करला, हा सौदा मला सर्वथा तोट्याचा वाटतो.

राहता राहिला हसण्याचा प्रश्न. वेल्समधील फ्लिंटशायरच्या कौन्सिलाने २००९ साली आपल्या उपाहारगृहातील 'स्पॉटेड डिक' या जुन्या पुडिंगाचे नाव, काही गिऱ्हाइकांच्या पोरकट शेऱ्यांना कंटाळून, 'स्पॉटेड रिचर्ड' असे केले. त्यावर एवढी टीका झाली की जुने नाव सन्मानाने परत आणावे लागले. हसू हे पदार्थाला मारक नसते; माणसे हसतात आणि खातातही. जे नाव एखाद्या मनुष्यसमूहाला हिणवते, ते मात्र तत्काळ पुसले पाहिजे, आणि म्हणूनच जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा महाराष्ट्र मंत्रिमंडळाचा डिसेंबर २०२० मधील निर्णय मला सर्वस्वी न्याय्य वाटतो. पण मुडदुशी कोणाला हिणवते? लाज वाटते ती नावाची नव्हे, ते नाव घेणाऱ्या कोळ्याआगऱ्यांच्या बोलीची; आणि ज्या मुलाने आपल्या आजीच्या तोंडचा शब्द चकचकीत पुडीवर कधी पाहिलाच नाही, ते मूल आपली बोली बाजाराच्याच लायकीची आहे असे समजू लागते. ही हानी मला विक्रीतल्या कोणत्याही नफ्याहून मोठी वाटते.

कायदाही या बाबतीत दुकानदाराला मोकळे रान देत नाही. वेष्टणावरील नावाने पदार्थाचे खरे स्वरूप सांगितले पाहिजे, असे २०२० चे अन्न-लेबल विनियम फर्मावतात. आणि दुकानांविषयीच्या कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातील लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली. पाटी देवनागरीत आणि आतला माल परक्या नावाने, ही विसंगती दूर करणे अवघड नाही. पनवेलच्या व्यापाऱ्यांनी पुडीवर आधी मुडदुशी, मांदेली, बोंबील असे ठळक अक्षरांत छापावे. इंग्रजी नाव त्याखाली बारीक टंकात असू द्यावे, कारण पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, खारघर-कामोठ्याला, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे राहतात, आणि त्यांचीही सोय पाहिली पाहिजे.