चार तारांचा फंडा

गिटारच्या सहा तारांना घाबरून क्लास सोडलात? मग या पगारात इलेक्ट्रिक युकुलेलेचा विचार करा. तारा चारच, सूर जी-सी-ई-ए. हेडफोन सॉकेटवालं मॉडेल घेतलंत, तर रात्री ११ लाही शेजारी खूश!

पण घेताना एक नक्की विचारा: तारा नायलॉनच्या की स्टीलच्या? मॅग्नेटिक पिकअपला नायलॉन कळतच नाही, तिथे स्टीलच हवं. नायलॉनला पिएझो पिकअप लागतो. आणि नायलॉनसाठी बनवलेल्या युकुलेलेवर हौसेने स्टील चढवू नका. ताण वाढून ब्रिज उखडला, की पैसे पाण्यात.

तारा एकेक करून बदला. नवं नायलॉन काही दिवस ताणत राहतं, सूर उतरतो; रोज लावा. १२ व्या पडद्यावर तार ३ मिलिमीटरपेक्षा फार उंच असेल तर बोटं दुखणार. मग ब्रिजवरची सॅडल काढून खालून हलकेच घासायची. जास्त घासलीत, तर तार खडखडणार!

नायगावात हे कोण करणार? तुम्हीच! मिरजेचे कारागीरही तंबोऱ्याची घोडी हातानेच घासून जवारी काढतात. त्यांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. तेव्हा टेन्शन नको, घाई मात्र अजिबात नको.