गडाची नोंद आहे, वाटेची नाही

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली; त्यांतले 11 महाराष्ट्रातले. तट, बुरूज, माच्या, टाकी यांचे कागद त्यानिमित्ताने नीट झाले असतील. पण गड अधांतरी नसतो. पायथ्याच्या गावातून, कुणाच्या तरी बांधावरून आणि वरकस रानातून वाट चढते, तेव्हा तो गाठता येतो. माथा बहुधा वनखात्याचा किंवा पुरातत्त्व खात्याचा, पायथा मात्र अनेकदा मालकीचा. तिथे नाचणी-वरई पिकत होती तोवर वाट कुणाची, हे कुणी विचारलं नाही. मग जमीन विकली जाते, फार्महाऊस उभं राहतं, तारेचं कुंपण पडतं आणि दोन एकरांच्या तुकड्यामागे अख्खा डोंगर अडकतो. नव्या मालकाला एकट्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याने घेतलेल्या सातबाऱ्यावर वाट लिहिलेलीच नसते.

‘वर्षानुवर्षांची वहिवाट आहे, अडवणार कोण?’ हा डोंगरभटक्यांचा लाडका दिलासा कायद्यापुढे फारसा टिकत नाही. 1882 चा सुविधाधिकार कायदा 20 वर्षांच्या उघड, अखंड वापरातून हक्क निर्माण होतो असं मानतो खरं. पण तो हक्क सांगणाऱ्याकडे स्वतःची जमीन असावी लागते, जिच्या उपभोगासाठी ती वाट हवी. ट्रेकरकडे सॅक असते. 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आणि महसूल संहितेचं कलम 143 यांचा रोख शेतात जाण्याच्या वाटेवर आहे, आणि तो योग्यच आहे. उरतं त्याच 1966 च्या संहितेचं कलम 20: खासगी मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या. म्हणजे सगळं येऊन ठेपतं गाव नकाशावर. तिथे पायमार्गाची तुटक रेषा असेल तर तहसीलदाराला हात घालायला जागा आहे. नसेल तर दिवाणी दावा, आणि तो किती चालेल ते सांगायला नको. शेतरस्त्यांची सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त नोंद घ्यायचं सरकारने 2025 मध्ये ठरवलं. तीच रीत गडवाटांना लावावी, एवढंच माझं म्हणणं.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप खोटा नाही. शनिवार-रविवारी झुंडी येतात, भातखाचरं तुडवतात, बाटल्या टाकून जातात. त्याने कुंपण घातलं तर चुकलं काय? पण या त्रासाचं मूळ वाट मोकळी असण्यापेक्षा ती ठरलेली नसण्यात जास्त आहे. नोंद न झालेली वाट दहा ठिकाणी फुटते. इंग्लंडमध्ये 1949 च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. तिथे रेषेबाहेर पाऊल टाकायचा हक्क नोंदीने मिळत नाही, आणि मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरताही येते, फक्त ठरल्या मुदतीत पूर्ववत करावी लागते. नोंद मालकालाही राखते, ती अशी. वाट बांधाकडेने वळवायची सोयही ठेवावी. पट्टा रुंद करून मोटारी न्यायच्या असतील तर मात्र रीतसर भूसंपादन आणि मोबदला हवा. पायवाटेच्या आडून पार्किंग पदरात पाडून घेणं ही फसवणूक झाली.

घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. मूळ वाट कुठून जात होती हे अचूक सांगू शकतील अशी माणसं म्हणजे गुरं घेऊन वर जाणारे गुराखी आणि कारवी आणायला चढणाऱ्या बाया. ती आता थकत चालली आहेत. ग्रामसभेने मोजणीदाराला सोबत घेऊन त्यांच्यामागून एकदा चालावं, खुणेचे दगड रोवावेत. गवत वाळल्यावर, माघ-फाल्गुनात, हे काम चांगलं होतं.

— वाटाड्या