गेटच्या आतला पहारा

भातलावणी उरकली की आमच्या मुळशीत रजेवर आलेला फौजी पारावर हमखास भेटतो. परवा एक हवालदार भेटला. सिग्नल्समधला, नोकरी २५ वर्षांची, वय ४४. म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी पेन्शनीवर येतोय. हिंजवडीला सिक्युरिटीत लागावं म्हणतो."

"गेटवरच्या का आतल्या?" मी विचारले.

तो हसला, पण मी थट्टा करीत नव्हतो. हिंजवडी आपल्याच तालुक्यातली. तिथे गेटवर माजी सैनिक दिसतात. त्या कामात कमीपणा नाही. पण आत संगणकावर दुसरा पहारा चालतो, रात्रंदिवस, पाळीपाळीने. कोण आत शिरले, कुठून, अवेळी का, या नोंदी बघायच्या आणि शंका येताच वर कळवायचे.

हा पहारा कशाला, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरून कळेल. कार्ड घातले की एटीएम बँकेला विचारते, पैसे देऊ का? ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी हा निरोप मधेच अडवून खोटा होकार धाडला. २८ परदेशांतून आणि भारतातूनही पैसे निघाले, दोन दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी! तिजोरीला कुणी हातही लावला नव्हता.

रात्रीची ड्यूटी, नोंदवही, निरोप जसाच्या तसा पोचवणे हे फौजीच्या अंगात मुरलेलेच असते. विद्या मात्र नव्याने शिकावी लागते. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स निवृत्तीआधी करता येतात, जवानाला फी पडत नाही. अर्ज नोकरीत असतानाच करावा, गावी येऊन मग बघू म्हणू नये. पंधरा वर्षांच्या सेवेवर मिळणारे पदवीचे प्रमाणपत्र सरकारी क गटाच्या जागांसाठी. कंपनी ते मानीलच असे नाही. आणि पेन्शनीबरोबर येणारी एकरकमी पुंजी "नोकरीची हमी" देणाऱ्या क्लासवाल्याच्या हाती देऊ नका. त्यापेक्षा विहिरीचे काम काढलेले बरे!

हवालदाराची मंडळी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तिथं चोवीस वर्षांचं पोर यांचं साहेब असणार. यांना चालंल का?"

हवालदार बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लेफ्टनंटही चोवीसचाच असतो की."

रजा संपवून तो सोमवारी गेला. पुतण्याचे नेटवर्किंगचे पुस्तक ट्रंकेत घालून नेले आहे.