विश्लेषण : ‘होम’ आणि ‘गुड’चा आकडा एकच कसा? कीपॅडच्या कोड्याचा पिनशी काय संबंध?

‘होम’, ‘गुड’, ‘गॉन’ आणि ‘हूड’ या इंग्रजी शब्दांत साम्य काय? अर्थ वेगळे, उच्चारही वेगळे. उत्तर फोनच्या कीपॅडवर आहे. चारही शब्दांच्या स्पेलिंगनुसार बटणे दाबली, की ४६६३ हाच आकडा येतो.

नियम काय?

इंग्रजीची २६ अक्षरे २ ते ९ या आठ बटणांवर वाटलेली आहेत. ७ आणि ९ वर प्रत्येकी चार, इतरांवर तीन. १ आणि ० वर एकही नाही. म्हणूनच जुन्या फोनवर ‘टी नाइन’ पद्धतीने संदेश लिहिताना एका आकड्यासाठी अनेक शब्द सुचवले जात.

पिनशी संबंध काय?

लक्षात राहावा म्हणून काही जण शब्दावरून एटीएम किंवा यूपीआयचा पिन ठरवतात. उदाहरणार्थ, ‘लव्ह’चा ५६८३. चार आकडी पिनचे एकूण पर्याय १०,०००. शब्दावरून ठरवल्यास ० आणि १ बाद होतात आणि उरतात ४,०९६. अर्थपूर्ण शब्दांचे तर त्याहून कमी. कोड्यातला नियम शोधावा लागतो. अशा पिनचा नियम मात्र प्रत्येकाच्या फोनवर दिसतो.